सावद्याचा बोर्ड, जळगावचा स्क्रीन: सुरुवात कुठून?

भाऊ, सावद्याच्या रायपनिंग चेंबरमधल्या (फळं पिकवायच्या खोलीतल्या) रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरचं, म्हणजे बोर्डावरचं, अ‍ॅप जळगावात बसून बघायचंय ना? मग आधी बोर्ड टेबलावर घ्या, तुमच्या कॉम्प्युटरसोबत एकाच राउटरवर. तिथे साधं एसएसएच लॉगिन (नेटवर्कवरून सुरक्षितपणे बोर्डात शिरून कमांड देणं) जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नंतर दोन वाटा.

१. एक्स-११ फॉरवर्डिंग: प्रोग्राम बोर्डावर चालतो, पण त्याची खिडकी तुमच्या डेस्कटॉपवर उघडते. नवखे इथेच उलटं धरतात: एक्स सर्व्हर (खिडक्या दाखवणारा प्रोग्राम) बोर्डावर नाही, तुमच्या डेस्कटॉपवर चालतो. विंडोजवर तो वेगळा टाकावा लागतो. बोर्डावर एक्सऑथ (एक्सची परवानगी सांभाळणारा छोटा प्रोग्राम) हवं, एसएसएच सर्व्हरच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग चालू हवं, आणि लॉगिन करताना कॅपिटल एक्सचा पर्याय (-X) द्यायचा. डिस्प्ले व्हेरिएबल (खिडकी कुठल्या स्क्रीनवर उघडायची ते सांगणारी सेटिंग) हाताने भरू नका, एसएसएच ते स्वतः भरतं. आपण तिथे ':०' लिहिलं की खिडकी उघडते बोर्डाच्या स्क्रीनवर आणि आपण इकडे वाट बघत बसतो! शिवाय या वाटेने अ‍ॅपची नवी प्रत सुरू होते. आधीच चालू असलेलं अ‍ॅप दिसत नाही; दोन्ही प्रती एकाच सिरियल पोर्टवर (उपकरण जोडायच्या जागेवर) भांडतात. लाइन तुटली की नवी प्रत बंद.

२. व्हीएनसी: बोर्डाचा अख्खा स्क्रीन नेटवर्कवरून बघायचा. चेंबरवर चालू असलेलाच स्क्रीन बघायचा असेल तर हेच. लाइन गेली तरी अ‍ॅप बोर्डावर चालू राहतं. मोबाईल डेटावरही हेच बरं.

राउटरवर व्हीएनसीचं ५९०० पोर्ट बाहेरच्यांसाठी उघडू नका. व्हीएनसी एसएसएचच्या बोगद्यातून (त्याच्या सुरक्षित जोडणीच्या आतून) न्या. वेलँड (एक्सच्या जागी आलेली नवी पद्धत), व्हीपीएन (इंटरनेटवरून खाजगी नेटवर्क जोडणं) सध्या राहू द्या.