हिंदीत गेला की आत्मा ‘ती’ होतो
‘मेरा आत्मा’ लिहिलंस ना? मीही वर्षभर तेच लिहायचो. मराठी कान! संस्कृतात मूळ शब्द आत्मन्, पुल्लिंगी. त्याचं प्रथमा एकवचन ‘आत्मा’, तेच हिंदीने उचललं. पण तिथे तो आशा, भाषा यांच्या रांगेत जाऊन बसला: मेरी आत्मा, अनेकवचनी आत्माएँ. आपण ‘आत्म्याला’ म्हणतो. हिंदीत ‘आत्मा को’च, ‘आत्मे को’ कधीच नाही. अनेकवचनात ‘आत्माओं को’. गंमत म्हणजे महात्मा, परमात्मा पुल्लिंगीच राहिले. देवतेचं तर उलटंच: संस्कृतात नि मराठीत ती, हिंदीत तो. ‘देवता प्रसन्न हुए’ ही मला छपाईची चूक वाटली होती! वहीत शब्द एकटा उतरवू नकोस, ‘मेरी आत्मा’ असा जोडीनेच उतरव.