हातचा मनात धरू नकोस

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बारावीला गणितात चांगले मार्क, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष, आणि बुधवारी नाशिकला गोदाकाठच्या, म्हणजे गंगेवरच्या बाजारात बाबांच्या शेजारी बसलीस तर "सव्वा किलो टोमॅटो, पाव किलो मिरची, दोन जुड्या कोथिंबीर" एवढ्या हिशेबाला हात मोबाइलकडे गेला. बाबा बोलले. संध्याकाळी गल्ला वहीपेक्षा ४५ रुपयांनी कमी भरला, तो ठपकाही तू स्वतःवरच घेतलास. आणि शेवटी विचारतेस, माझ्या डोक्यातच काही कमी आहे का?

या प्रश्नावर मी वेळ घालवणार नाही. तुझी अडचण वेगळी आहे. तू डोक्यात कागद मांडतेस.

शाळेत आकडे एकाखाली एक लिहून उजवीकडून बेरीज करायला शिकवतात. ती पद्धत उत्तम आहे, पण ती कागदासाठी आहे. कागद विसरत नाही. ६८, ५७ आणि ८५ यांची बेरीज कागदावर कर: आठ, सात, पाच वीस, शून्य खाली, हातचे दोन. हेच मनात करताना ते शून्य सांभाळायचं, हातचे दोन सांभाळायचे, वर सहा, पाच, आठ हे दशक पुन्हा आठवायचे. बरं, उत्तर तयार होतं ते उलटं, आधी एकक आणि शेवटी शतक. तोंडाने मात्र ते सुलट बोलायचं. एवढ्यात गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, लवकर", आणि हातचा निसटतो. तुझी बुद्धी निसटत नाही, हातचा निसटतो.

म्हणून एकच सांगतो, आणि या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: हातचा मनात धरू नकोस. डावीकडून चाल. आधी मोठा भाग, मग बारीक. ६८ आणि ५० झाले ११८, त्यात ७ म्हणजे १२५, त्यात ८० म्हणजे २०५, त्यात ५ म्हणजे २१०. प्रत्येक टप्प्याला मनात एकच आकडा असतो, आतापर्यंतची बेरीज. आधीचं सगळं विसरलीस तरी चालतं. आणि मध्येच कुणी टोकलं, तरी तुझ्याजवळ "दोनशेच्या आसपास" एवढं तरी उरतं. उजवीकडून जाणाऱ्याजवळ उरतं ते फक्त शेवटचं शून्य.

धास्तीचंही असंच आहे. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क या मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. गणिताची धास्ती असलेली माणसं सर्वांत जास्त कुठे चुकली, तर डोक्यात दुसरं काही लक्षात ठेवून हातच्याची बेरीज करताना. कारण धास्तीही त्याच जागेत बसते, जिथे हातचा ठेवायचा असतो. "घाबरू नकोस" असं तुला सांगून काही होणार नाही. त्या जागेत ठेवण्यासारखं काही उरणारच नाही, अशी पद्धत घे.

मार्क चांगले असून बाजारात अडतं, याचं तुला आश्चर्य वाटतं. मला वाटत नाही. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा एक मोठा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ही मुलं विक्रीचे अवघड हिशेब तोंडी करत होती आणि शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या गणितांत अडत होती. बाजारात काम न करणाऱ्या, शाळेतल्या मुलांचं नेमकं उलट. एकाचं ज्ञान दुसरीकडे आपोआप जात नाही, ते न्यावं लागतं. तुझ्या बाबांना हे येतं ते चाळीस वर्षांच्या सवयीने, आणि ते कसं करतात हे त्यांनाही सांगता येणार नाही. बारकाईने ऐक, ते डावीकडूनच करत असतील.

आता मराठीची खरी अडचण सांगतो, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. आपण "त्र्याहत्तर" म्हणतो तेव्हा तीन आधी आणि सत्तर मागून येतं. लिहिताना सात आधी. जर्मन भाषेतही एकक आधीच बोलतात, आणि तिथली मुलंही आकडे उलटे लिहितात. कानावर "त्र्याहत्तर" पडतं, बोट घाईत आधी तीनवर जातं, आणि मोबाइलमध्ये ३७ उमटतात. यंत्र अचूक चालतं, उत्तर चुकतं. त्यात "सदुसष्ट" आणि "सत्याहत्तर" गोंगाटात सारखेच ऐकू येतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक", "साठ तीन" असं वाचन आलं तेव्हा केवढी ओरड झाली. भाषा बिघडेल म्हणाले. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: तोंडाने त्र्याहत्तरच म्हण, पण मनात "सत्तर, तीन" असं फोडून घे. फोडलंस की डावी बाजू आपोआप आधी येते.

हीच मराठी दुसऱ्या हाताने केवढं देते, तेही बघ. एकोणसाठ म्हणजे साठाला एक उणा. युक्ती शब्दातच बसली आहे. ५९ रुपये किलोची सात किलो भेंडी: साठाने ४२०, सात उणे, ४१३. सव्वाशे, दीडशे, पावणेतीनशे, साडेचारशे, अडीच हजार हे सगळे आधी मोठं धरून मग बारीक जोडणारे किंवा काढणारे शब्द आहेत. जुन्या उजळणीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीच यांचे पाढे, पाठ करून घेत. ती गेली, आणि तिच्या जागी आपण दशांश चिन्ह दिलं. वजनाच्या बाजारात दशांश चिन्हाने तोंडी हिशेब होत नाही, पावकीने होतो. आम्ही गणित शिकवणाऱ्यांनी हे जाऊ दिलं, मीही वर्षानुवर्षं तोंडी गणितसुद्धा फळ्याच्याच क्रमाने करून घेतलं. त्याची खंत आहे. कुणी म्हणेल, परीक्षेत उभी मांडणीच लागते. लागते, आणि ती मी आजही शिकवेन. पण वही मिटल्यावर मुलाच्या हातात काही उरत नसेल, तर ते आमचं चुकलंच.

तर वजन. काट्यावर १ किलो ३५० ग्रॅम, भाव ६४. तू १.३५ गुणिले ६४ करायला गेलीस, हे तुझ्या पत्रातच आहे. करू नकोस. एक किलोचे ६४. पाव किलोचे १६, म्हणजे सव्वा किलोचे ८०. उरले १०० ग्रॅम, म्हणजे भावाचा दहावा हिस्सा, ६.४०. झाले ८६.४०. पन्नास ग्रॅमच्या पटीतलं कुठलंही वजन किलो, अर्धा, पाव, शंभर आणि पन्नास यांत फुटतं, आणि यातला प्रत्येक तुकडा निम्मं करून किंवा दहाने भागून मिळतो. पाऊण किलो तीन पावांनी मोजू नकोस. पूर्णातून पाव काढ: ६४ मधून १६ गेले, ४८. काटा रक्कम दाखवतो हे खरं, पण त्यात भाव तूच टाकतेस. आणि काट्यावर १.०५० दिसतं ते एक किलो पन्नास ग्रॅम. दीड किलो १.५०० असतं. घाईत हे दोन्ही एकसारखे वाचले जातात आणि साडेचारशे ग्रॅमचा फरक पडतो.

पहाटे यार्डात तर भाव वेगळ्याच मापात बोलतात, तिथे मोबाइल काढेपर्यंत बोली पुढे जाते. कांदा क्विंटलवर: २,३५० म्हणजे किलोला साडेतेवीस. कोथिंबीर शेकड्यावर: १,२५० म्हणजे जुडीला साडेबारा. टोमॅटोचा क्रेट वीस किलोचा: ४७० ला पडला तर निम्मे २३५, एक घर मागे, साडेतेवीस. इथे बहुतेकजण थांबतात आणि फसतात. वीसमधले दोन किलो खराब निघाले, तर दहा टक्के गेले म्हणून साडेतेवीसवर दहा टक्के चढवतात, २५.८५. चूक आहे. तेच ४७० आता अठरा किलोतून वसूल व्हायचे आहेत. अठरा सव्वीस ४६८, म्हणजे किलो २६ च्या थोडा वर पडला. वजन दहा टक्क्यांनी घटलं की खर्च अकरा टक्क्यांनी चढतो. रोज दहा-पंधरा क्रेटवर हे पंचवीस-सव्वीस पैसे मोजून बघ.

गुणाकारातही तेच. २४ रुपयांनी १७ किलो: २४ दाहे २४०, २४ सत्ते १६८, ४०८. किंवा १७ ला वीसने गुण, ३४०, मग चाराने ६८. जो आकडा सोपा फुटतो तो फोड. पंधराने गुणायचं तर दहापट आणि तिचं निम्मं: ३४ चे ३४०, त्यात १७०, ५१०. हे सगळं दिडकीतलंच आहे.

वजाबाकीत एक ठरलेली चूक होते. ८२ मधून ३९ काढायचे. चाळीस काढले, ४२. आता एक मिळवायचा की काढायचा? बेरजेत ३९ ऐवजी ४० घेतले तर एक काढतात, तीच सवय इथे येते आणि उत्तर ४१ येतं. चाळीस काढले म्हणजे एक जास्त काढला. जास्त घेतलं ते परत दे. ४३.

सुट्टे देताना मात्र बारीक बाजूने चाल. बिल ३३७, नोट पाचशेची. तीन रुपये ठेव, ३४०. साठ ठेव, ४००. शंभर ठेव, ५००. एकशे त्रेसष्ट दिलेस आणि वजाबाकी केलीच नाहीस. मी आतापर्यंत डावीकडून म्हणत आलो आणि इथे उलट सांगतोय असं वाटेल. उलट नाही. इथे रक्कम हातात साठते आहे, मनात काही धरावं लागत नाही. मुद्दा तोच आहे.

पाढ्यांचं तू लिहिलंस, की तीसपर्यंत पाठ होते. मग "सात आठी" विचारल्यावर "सात एके सात"पासून का सुरू करतेस? ते गाणं पाठ झालं आहे, पाढा नाही. अडणाऱ्या जोड्या खरं तर सहाच आहेत: ६×७, ६×८, ६×९, ७×८, ७×९, ८×९. उत्तरं ४२, ४८, ५४, ५६, ६३, ७२. चूक होते ती शेजारच्या उत्तराशी, ५६ च्या जागी ५४. या सहा जोड्या चिठ्ठ्यांवर लिहून उलटसुलट काढ, रोज दोन मिनिटं. क्रम मोडला की गाणं मोडतं.

झटपट गणिताच्या क्लासचं विचारलंस. ९८ गुणिले ९७ चार सेकंदांत करायला शिकवतील. शंभराजवळच्या दोन आकड्यांसाठी ती रीत चांगली आहे, पण तुझ्या ओट्यावर असे दोन आकडे एकत्र किती वेळा येतात? तुला पंचवीस युक्त्या नकोत, एक सवय हवी. निमाणीहून नाशिकरोडची बस धरतेस ना? द्वारका चौकात अडकलीस की समोरच्या एमएच १५ च्या पाट्या बघ. ४७३८ दिसलं तर ४७ आणि ३८: सत्तर, पंधरा, पंच्याऐंशी. डावीकडून. आठवडाभर फक्त बेरीज, मग पाटीचे चार आकडे १०,००० मधून वजा. इथेही डावीकडून: प्रत्येक आकडा नवातून काढ, शेवटचा दहातून. ४७३८ चे ५२६२.

आता पडताळा. आकड्यांची बेरीज करून नऊचा पडताळा घेतात: २४ चे ६, १७ चे ८, सहा आठी ४८, त्याचे १२, त्याचे ३. आणि ४०८ चे १२, म्हणजे ३. जुळलं. पण लक्षात ठेव, ४८० लिहिलं असतं तरी ते जुळलंच असतं. अदलाबदल या पडताळ्याला दिसत नाही, आणि मराठी कानाची नेमकी तीच चूक आहे. तिच्यासाठी दुसरा उपाय आहे. शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली, तर फरक कायम नऊच्या पटीत येतो. ७३ आणि ३७ मध्ये ३६.

आपल्या देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी आयुष्यभर अशाच आकड्यांशी मैत्री केली. चार आकडे घे, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा कर, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतलंस तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि पुढे ६१७४ च येत राहतं. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचतेसच. प्रत्येक पायरीचं उत्तर नऊच्या पटीत असतं, कारण तेच आकडे फक्त जागा बदलतात. तुझ्या गल्ल्यात घडतं तेही हेच.

बुधवारचे ४५ रुपये बघ. नऊ पाचे पंचेचाळीस, म्हणजे नऊच्या पटीत. एकक आणि दशक यांत पाचाचा फरक असलेली जोडी उलटली असेल तर तेवढाच फरक पडतो. गल्ला वहीपेक्षा कमी आहे, म्हणजे वहीत मोठा आकडा लिहिला गेला असेल: १६ च्या जागी ६१, २७ च्या जागी ७२, ३८ च्या जागी ८३, ४९ च्या जागी ९४, किंवा ५ च्या जागी ५०. बुधवारच्या पानावर ६१, ७२, ८३, ९४ आणि ५० शोध. प्रत्येकासमोरचं वजन आणि भाव घेऊन रक्कम पुन्हा काढ, डावीकडून. नाही सापडली तर सुट्टे जास्त गेले असतील किंवा कुणाची उधारी राहिली असेल, तेव्हा उधारीची वहीही चाळ. काय निघालं ते कळव, आणि पानाचा फोटो पाठव.

तुझा,
सर