"सर माझ्या करिअरचं काही बघतच नाहीत"

समुपदेशक म्हणून पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकते, की शब्दही फारसे बदलत नाहीत. गाईड प्रबंधाबद्दल बोलतात, आकडेवारीबद्दल बोलतात, पण 'पुढे काय' हा विषय काही निघत नाही. चौथं वर्ष उजाडलं की मग झोप उडते. त्यांच्यापैकी एकीची हकीकत इथे देते. ओळख पटेल असे तपशील वगळलेत आणि अनेक भेटी दोन-तीन संवादांत आणल्यात.

मातीतल्या जिवाणूंवर तिचं काम होतं. "सर चांगले आहेत हो मॅडम," ती म्हणाली, "पण तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही, की तुला पुढे काय करायचंय?"

"तू त्यांना कधी सांगितलंस?"

"त्यांनी विचारल्याशिवाय कसं सांगणार? बरं दिसत नाही."

पुढच्या भेटीला मी तिला मीटिंगची वही आणायला सांगितली. जाडजूड वही. डावीकडच्या पानावर तारीख आणि खाली सरांची वाक्यं: 'नमुने पुन्हा मोज', 'आलेख ३ बदल', 'तो लेख वाच'. झालेल्या प्रत्येक कामापुढे लाल शाईने बरोबरची खूण. उजवीकडची पानं मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरी.

"यातलं तुझं वाक्य कुठलं?" मी विचारलं.

ती पानं उलटत राहिली. पुढे गेली, परत मागे आली. दोन-तीन मिनिटं तरी गेली असतील. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडायचं नसतं. धीर देण्याच्या घाईत समोरच्याला सापडत आलेलं उत्तर आपणच हिरावून घेतो. शेवटी ती हळूच म्हणाली, "सांगितलेलं एकही काम मी राहू दिलं नाही. मला वाटायचं, एवढं केलं की पुढचंही सरच सांगतील."

सगळी गाठ इथेच होती. शाळेपासून या मुलांचं कौतुक झालं ते नेमून दिलेलं चोख केल्याबद्दल. अभ्यासक्रम दुसऱ्याने ठरवलेला, प्रश्नपत्रिका दुसऱ्याने काढलेली. त्यामुळे गाईडपुढे स्वतःचा प्रश्न ठेवणं त्यांना आगाऊपणा वाटतो. तिच्या रागाखाली ही भीड दडलेली होती. पहिल्या भेटीत मी गाईडशी बोलायचं कसं याच्या सूचना देत बसले असते, तर ती भीड दिसलीच नसती.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती मला इथे फार मोलाची वाटते. 'सरांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं' ही इच्छा झाली, आणि ती रास्तच आहे. 'त्यांनी विचारलंच पाहिजे, त्याशिवाय माझं पाऊल पुढे पडणार नाही' हा हट्ट झाला. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं आणि माणूस दुसरा मार्ग शोधतो. हट्ट पुरा झाला नाही की तो अडून बसतो. तिने ही दोन्ही वाक्यं स्वतःच्या अक्षरात एकाखाली एक लिहिली, आणि दुसरं वाक्य वाचताना तिलाच ते खोटं वाटलं.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शोधनिबंधातलं नाव गाळणं, प्रबंध मुद्दाम अडवून ठेवणं, अपमान करणं हे प्रकार वेगळे. तिथे तारखा आणि ईमेल जपून ठेवायचे आणि विभागाकडे लेखी दाद मागायची. आपल्या विकासाची जबाबदारी घेणं म्हणजे अन्याय सोसणं नव्हे.

मग प्रत्यक्ष काम सुरू झालं. आधी मोजदाद. शोधनिबंधात कोणी काय केलं ते नोंदवायला 'क्रेडिट' नावाची १४ भूमिकांची यादी वापरतात: संकल्पना, पद्धती, विदा (डेटा) जपणं, विश्लेषण, सॉफ्टवेअर, पहिला मसुदा, निधी मिळवणं वगैरे. प्रत्येक भूमिकेपुढे तिने 'एकटीने केलं', 'मदतीने केलं' किंवा 'कधीच नाही' असं लिहिलं. शेजारी पुरावा: अमुक फाइल, अमुक आलेख. पुरावा हवाच, नाहीतर 'संवादकौशल्य उत्तम' यासारखी पोकळ वाक्यं जमा होतात.

दुसरं काम जाहिरातींचं. नोकरीला अजून दीड वर्ष असताना तिने १२ जाहिराती जमवल्या: चार अध्यापनाच्या, चार उद्योगातल्या प्रयोगशाळांच्या, चार विज्ञानलेखनाच्या. कुठलं कौशल्य किती वेळा मागितलंय त्याच्या रेघा मारल्या. प्रोग्रॅमिंग करून विश्लेषण करता येणं बहुतेक जाहिरातींत होतं, आणि तिच्या यादीत त्यापुढे 'कधीच नाही' होतं. बरेच जण जाहिराती उघडतात ते शेवटच्या सहा महिन्यांत. तेव्हा उणीव कळते, पण भरून काढायला वेळ उरलेला नसतो. उणिवा सात-आठ निघाल्या तरी सहा महिन्यांसाठी दोनच निवडायच्या. त्यासाठी आठवड्यात दोन तास, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. 'वेळ मिळेल तसं' असं ठरवलं की दोन आठवड्यांत सगळं बारगळतं.

ओळखीपाळखीचंही तसंच. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३मध्ये दाखवून दिलं, की नोकरीची माहिती बरेचदा जिवलगांपेक्षा जेमतेम ओळखीच्या माणसांकडून येते. जिवलगांना जे ठाऊक असतं ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. म्हणून अनोळखी माणसालाही पाच-सहा ओळींचं ईमेल करायचं: मी कोण, तुमच्याकडेच का लिहितेय, २० मिनिटं मिळतील का. नोकरी मागायची नाही. दिवस कसा जातो, कुठलं कौशल्य उशिरा शिकल्याची खंत वाटते, हे विचारायचं. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदाच आठवण करायची.

सगळ्यात अवघड होतं ते सरांशी बोलणं. विद्यार्थी हा विषय काढतात तो मीटिंगच्या शेवटच्या पाच मिनिटांत, सर लॅपटॉप मिटत असताना. मग 'बघू नंतर' याखेरीज काय ऐकायला मिळणार? सहा महिन्यांतून एकदा फक्त याच विषयासाठी वेगळी वेळ मागायची आणि आठवडाभर आधी एक पानाचं टिपण पाठवायचं. 'मार्गदर्शन करा' ही मागणी कुणालाच पुरवता येत नाही. नेमकी मागणी मात्र मान्य तरी होते, नाहीतर नाकारली तरी जाते. तिने माझ्यासमोर पाच वेळा वाक्य म्हणून पाहिलं. पहिल्या खेपेला त्यात तीनदा 'सॉरी' होतं. पाचव्या खेपेला उरलं ते असं: "सर, प्रोग्रॅमिंगच्या कार्यशाळेसाठी मला तीन दिवस हवेत. नमुन्यांचं काम त्याआधी पूर्ण करते." मीटिंगनंतर २४ तासांच्या आत, काय ठरलं ते चार ओळींत ईमेलने कळवायचं, हेही ठरलं.

एकाच गाईडकडून सगळं मिळावं ही अपेक्षाही तिने हळूहळू सोडली. संख्याशास्त्रासाठी दुसऱ्या विभागातल्या मॅडम, लेखनासाठी नुकताच प्रबंध दिलेला एक सीनियर.

शेवटच्या भेटीला ती वही घेऊनच आली. सरांनी कार्यशाळेला लगेच होकार दिला होता. दोन महिन्यांच्या इंटर्नशिपला मात्र स्पष्ट नकार: प्रबंध लांबेल. तिने उजवीकडचं पान माझ्यापुढे केलं. त्यावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं: 'चौथं प्रकरण देणे, ३१ ऑक्टोबर. इंटर्नशिपबद्दल पुन्हा विचारणे, ७ नोव्हेंबर. दोनऐवजी दीड महिना चालेल का, ते इंटर्नशिप देणाऱ्यांना आधी विचारून ठेवणे.'