गाळ बसत का नाही?

प्रश्न: आमच्या एसटीपीची, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्लांटची, एअरेशन टाकी (जिथे पाण्यात हवा सोडतात) छान खळखळत असते, पण पुढच्या सेटलिंग टाकीत गाळ वर तरंगतो आणि पाणी गढूळ येतं. ऑपरेटर म्हणतात, ब्लोअर, म्हणजे हवा सोडणारा पंखा, जास्त वेळ चालवू. उपयोग होईल?

उत्तर: होईलही, किंवा आणखी बिघडेलही. आधी एक लिटरच्या पारदर्शक मोजपात्रात एअरेशन टाकीतलं पाणी भरा आणि ३० मिनिटं धक्का न लावता ठेवा. समजा गाळ ३०० मिलीच्या खुणेवर बसला आणि टाकीत गाळाचं प्रमाण, म्हणजे एमएलएसएस, लिटरला ३ ग्रॅम आहे. ३०० भागिले ३, गाळ बसण्याचा निर्देशांक आला १००. साधारण ८० ते १५० असेल तर गाळ नीट बसतो आहे.

पण लगेच पात्र ओतून देऊ नका. तासा-दोन तासांत बसलेला गाळ गठ्ठ्याने वर आला आणि त्यात बारीक बुडबुडे दिसले, तर तो सेटलिंग टाकीत फार वेळ पडून राहतो आहे. तिथला ऑक्सिजन संपला की जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन घेतात. सुटलेला नायट्रोजन वायू गाळाला उचलतो. अशा वेळी ब्लोअर वाढवला तर नायट्रेट वाढायचीच शक्यता. त्याऐवजी बसलेला गाळ एअरेशन टाकीत परत नेणारा पंप वाढवा, तळाशी कोपऱ्यात गाळ साचलाय का बघा, आणि जादा गाळ रोज थोडा थोडा काढा.

याउलट अर्ध्या तासानंतरही गाळ ८००वरच रेंगाळत असेल, तर त्याच पाण्यात तितकंच प्रक्रिया झालेलं पाणी मिसळून पुन्हा बघा. आता झटकन बसला, तर गाळच जास्त झालाय. तरीही फुगलेलाच राहिला, तर तंतुमय जिवाणू माजलेत, आणि त्याचं नेहमीचं कारण कमी ऑक्सिजन. इथे मात्र ऑपरेटरचं खरं! टाकीत लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेला ऑक्सिजन हवा, तोही मीटरने मोजलेला. खळखळाटावर जाऊ नका. डिफ्यूझरचा, म्हणजे तळाशी हवेचे बारीक बुडबुडे सोडणाऱ्या भागाचा, पडदा फाटला की मोठमोठे बुडबुडे येतात. दिसायला जोरदार, पण पाण्यात ऑक्सिजन फारसा विरघळत नाही.

प्रश्न: तोवर क्लोरीन वाढवून हेच पाणी फ्लशला वापरलं तर?

उत्तर: नको. क्लोरीन गाळातल्या सेंद्रिय घाणीवरच खर्च होतो आणि कणांच्या आत दडलेले जंतू वाचतात. हे गढूळ पाणी वाळूच्या फिल्टरवरही ढकलू नका. वाळू चोंदते, बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुणं) वाढतो, आणि बॅकवॉशचं पाणी फिरून प्लांटच्या तोंडाशीच येतं.