सोलर गीझरच्या जोडणीतला नायट्राइल रबराचा वॉशर कडक होऊन गळतो. त्याऐवजी कोणता बसवावा?
गरम पाण्याच्या जोडणीत ईपीडीएम (एथिलीन-प्रोपिलीनपासून बनणारे कृत्रिम रबर) रबराचाच वॉशर बसवावा. बडोद्यात मकरपुऱ्याच्या कारखान्यात आम्ही दोन्ही प्रकारचे वॉशर करतो, त्या अनुभवावरून सांगतो: नायट्राइल तेल आणि डिझेलसाठी उत्तम आहे, परंतु त्याच्या रेणूंच्या लांब साखळीतील दुहेरी बंधांवर सततच्या उष्णतेत ऑक्सिजनची क्रिया होऊन ते कडक होते व कडेला बारीक तडे जातात, ईपीडीएमच्या मुख्य साखळीत असे बंध नसल्यामुळे ते लवचीक राहते. शक्य असल्यास गंधकाऐवजी पेरॉक्साइडने पक्व केलेला (म्हणजे रबराच्या साखळ्या एकमेकींना जोडून टिकाऊ केलेला) वॉशर मागावा, कारण तो उष्णतेत दाबाखाली कायमचा चपटा होण्याचे प्रमाण कमी असते. मात्र त्याला साधे ग्रीस किंवा खनिज तेल मुळीच लावू नये, त्याने ईपीडीएम फुगते. सिलिकॉन ग्रीस चालते.