ऑर्थोगोनल म्हणजे विरुद्ध नाही

गुहागरहून एका ताईंनी विचारलंय, मीटिंगमध्ये साहेब म्हणाले "तुमचा मुद्दा ऑर्थोगोनल आहे", म्हणजे त्यांनी विरोध केला का, आणि याला मराठीत काय म्हणायचं.

विरोध नाही केला ताई. तुमचा मुद्दा खरा असेल खोटा असेल, पण आत्ता चाललेल्या प्रश्नावर त्याने काहीच फरक पडत नाही, एवढंच ते म्हणाले.

शब्द मुळात ग्रीक, ऑर्थोस म्हणजे सरळ आणि गोनिया म्हणजे कोन. आपल्याकडे चिऱ्याचं घर बांधताना गवंडी कोपऱ्याला गुण्या लावून बघतो, किंवा पाया आखताना दोरीने एकीकडे ३ फूट दुसरीकडे ४ फूट मोजून तिरकं अंतर बरोबर ५ भरतंय का ते बघतात, तोच हा ९० अंशांचा काटकोन.

आता काटकोनातून "संबंध नाही" हा अर्थ कुठून आला? नकाशात बघा, रत्नागिरीहून विजयदुर्ग जवळपास सरळ दक्षिणेला आहे, दोन्हीचे रेखांश साधारण ७३.३. होडीने तिकडे जा, अक्षांश बदलत जाईल पण घाटाच्या दिशेने, म्हणजे पूर्वेला, तुम्ही सरकलाच नाहीत. गणितात हेच कोसाइन ९० बरोबर शून्य असं लिहितात, एका दिशेचा दुसरीवर पडणारा भाग शून्य. आणि विरुद्ध दिशा म्हणजे १८० अंश, तिथे कोसाइन उणे एक! म्हणजे विरोधात पक्का संबंध असतो, फक्त उलटा, आणि ऑर्थोगोनलमध्ये संबंधच नसतो. माझ्या मते या शब्दाची सगळी गंमत इथेच आहे आणि नेमकी हीच लोक घालवतात.

साधं उदाहरण द्यायचं तर हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते आंबा कुठला ते सांगतं. पेटीतला आंबा आज खायला तयार आहे का हा ऑर्थोगोनल प्रश्न.

अमेरिकेत २०१० मध्ये सुप्रीम कोर्टात एका कायद्याच्या प्राध्यापकांनी युक्तिवादात हा शब्द वापरला तर सरन्यायाधीश रॉबर्ट्सनी त्यांना मध्येच थांबवून अर्थ विचारला होता, आणि न्यायमूर्ती स्कालियांना तो शब्द फार आवडला. तेव्हा तुम्ही अडलात त्यात काही कमीपणा नाही.

टँजेंशियलशी मात्र गल्लत नको. स्पर्शिका वर्तुळाला एका बिंदूत टेकते आणि पुढे निघून जाते, म्हणून टँजेंशियल म्हणजे विषयाला चाटून जाणारं, थोडा का होईना संबंध आहे. आणि स्टॅटिस्टिक्सवाल्यांसाठी: कोरिलेशन शून्य आलं म्हणून दोन गोष्टी एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र झाल्या असं होत नाही, तिथे हा शब्द जपून वापरा.

मराठीत भूमितीसाठी लंब किंवा काटकोनात. बोलण्यात "आडवा मुद्दा" अजिबात म्हणू नका, उभं-आडवं हे काटकोनातलंच असलं तरी आपल्याकडे आडवं येणं म्हणजे अडवणं, म्हणजे परत विरोधच झाला. "तो वेगळा प्रश्न आहे, याच्यावर त्याने फरक पडत नाही" हे सरळ सांगावं, लांब झालं तरी चालेल.