मी गेल्यावर मागे काही झालं तर?

मी समुपदेशक. सुट्ट्या जवळ आल्या की हे वाक्य माझ्याकडे हमखास येतं. "मॅडम, तिकिटं काढलीत, पण मी गेल्यावर मागे काही झालं तर?" कधी लेकीच्या बाळंतपणाला परदेशी निघालेली आई, कधी पुण्यात नोकरी लागलेला एकुलता एक मुलगा. म्हणून एकदाची वसंतरावांची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, त्यांना विचारूनच लिहितेय.

वसंतराव 61 वर्षांचे, नाशिकला जेलरोडला राहतात, प्रेसमधून निवृत्त. मित्रांनी बसने नर्मदा परिक्रमा ठरवली होती, साधारण पंधरा दिवसांची. यांनी दोनदा पैसे भरले आणि दोनदा परत मागितले. घरी पत्नी आणि 84 वर्षांची आई. "परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते हो. पलीकडच्या तीरावर असताना फोन आला, तर मी येऊ कसा?"

अडचण धार्मिक वाटली खरी, पण हे गृहस्थ इगतपुरीच्या लग्नालाही अक्षता टाकून न जेवता परत येत होते.

आईंना बीपीची एक गोळी, बाकी ठणठणीत. हे मी आधी विचारूनच घेते. घरात खरंच कोणी अत्यवस्थ असेल तर न जाणंच शहाणपणाचं, तिथे समुपदेशन कशाला?

तिसऱ्या भेटीला मी आजींना बोलावलं. खुर्चीत टेकताटेकताच त्या म्हणाल्या, "बाई, याला कुठंतरी पाठवा. रात्री दोनदा उठतो आन् माझ्या नाकाखाली बोट धरून बघतो. मी जागीच असते. डोळे मिटून पडते, नाहीतर पुन्हा चौकशा."

वसंतरावांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

पुढच्या वेळी ते एकटे आले. मी एवढंच विचारलं, "तुम्ही घरी होता म्हणून आजवर काय काय टळलं?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी आई न्हाणीत पडली. मी पुढच्या खोलीत पेपर वाचत होतो. दहा पावलांवर. तरी पडलीच."

"उचललं कोणी?"

"हिने. मी नुसता थरथरत उभा होतो."

आणि मग स्वतःशीच हसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने काम करते. प्रसंगापेक्षा त्याबद्दलचा आपला हट्ट जास्त छळतो, हे त्यांनी 1950 च्या दशकात मांडलं. आईला काही होऊ नये, ही वसंतरावांची इच्छा कुणाचीही असते. पण 'झालंच तर मी समोर असलोच पाहिजे' हा त्यांनी कायदा करून टाकला होता. आणि समोर असूनही तो कायदा कामी आला नाही, हे त्यांच्याच तोंडून निघालं. वीस वर्षांपूर्वी मी इथे छान भाषण ठोकलं असतं. आता गप्प बसता येतं, याचं मला थोडं कौतुक आहे.

नुसतं कळून भागत नाही, पायांनाही कळावं लागतं. पहिला टप्पा त्र्यंबकेश्वर, नाशिकपासून 30 किलोमीटरच्या आतबाहेर. एसटीने जायचं, संध्याकाळी परत. पहिल्या खेपेत त्यांनी घरी अकरा फोन केले, त्यातले तीन सातपूर ओलांडायच्या आत. फोन केला की पाच मिनिटं बरं वाटतं, म्हणून सहाव्या मिनिटाला पुन्हा करावासा वाटतो. रात्रीचं ते नाकाखालचं बोट आणि हा फोन, प्रकार एकच. आईसाठी म्हणून केलेला आणि स्वतःला शांत करणारा.

दुसऱ्या खेपेला दोनच फोन ठरवले. मधल्या वेळात करायचं काय? इथे मला गोदापात्रातला दुतोंड्या मारुती आठवला. गोदेला पूर आला की नाशिककर मारुतीवरून पाणी मोजतात: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. तसंच भीतीचं मोजायचं, वेळेसकट डायरीत. त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडाच्या पायरीवर बसून त्यांनी लिहिलं: 10.40, गळ्यापर्यंत. 11.05, छातीपर्यंत. 11.30, गुडघे. फोन न करताही पाणी उतरतं, हे मी दहा वेळा सांगून पटलं नसतं. मग वणीला एक मुक्काम, पुण्याला दोन.

तुम्हीही याच अवस्थेत असाल तर निघण्याआधी काळजी एकदाच नीट घेऊन टाका. गोळ्यांच्या वेळा कागदावर, डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर, किल्ली शेजारी, 108 घरातल्या सगळ्यांना पाठ. इतकं झाल्यावर उरते ती नुसती करायची काळजी, आणि तिला यादी पुरत नाही. मुक्कामाला पोहोचल्याचा फोन कराच, पण वेळ आधी ठरवून. भीती गेल्यावर निघू, असं मात्र म्हणू नका. ती प्रवासातच उतरते.

मोठ्या माणसाने असं घाबरावं का, म्हणून लाजूही नका. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेतही जवळच्यांपासून दुरावण्याची ही चिंता बालपणीच्या विकारांत मोडायची. 2013 च्या आवृत्तीत वयाची ती अट निघाली. सहा महिने उलटून गेले, झोप उडाली, नोकरी किंवा घरातली कामं अडू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा.

वसंतराव परिक्रमा करून आले ते नर्मदेच्या पाण्याची छोटी बाटली घेऊन. डायरी दाखवली. पहिले तीन दिवस कमरेच्या वर, पुढे नोंदीच विरळ.

"रोज रात्री आठला एक फोन ठरला होता," ते म्हणाले. "पाचव्या दिवशी गप्पांत विसरलो. साडेआठला आईचाच फोन. 'अरे, आहेस ना रे?'"